जोडलं की गायब

रोज सकाळी पावणेनऊ ते साडेनऊ जोडारी कचेरीतल्या सात टेबलांवर जाऊन एकच काम सात वेळा करी. कचेरी पुलांचे नकाशे काढायची. नकाशे मात्र इथे नसत. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य कचेरीच्या तळघरातल्या एका मोठ्या मशीनवर असत. इथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ‘नकाशे’ नावाचं एक रिकामं फोल्डर होतं. त्यावर तळघरातलं फोल्डर आणून जोडलं, की दिवसभर सगळं इथेच असल्यासारखं दिसे. जोडण्यासाठी दीड ओळीचा हुकूम टाइप करावा लागे, आणि वर एकोणीस अक्षरांचा पासवर्ड, जो फक्त त्यालाच ठाऊक होता. खरं तर तो कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होता. पण विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे प्रमुख म्हणायची कोणाला गरज वाटत नसे. सगळे त्याला जोडारी म्हणत.

सहा वर्षं हे चाललं होतं. मागे एकदा त्याला ताप आला, तेव्हा अंथरुणातून त्याने तो पासवर्ड फोनवर सांगितला. घसा बसलेला असल्यामुळे एकेक अक्षर ओरडून सांगावं लागलं. बरा होऊन कामावर निघाला तेव्हा जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजोबांनी त्याला तो तोंडपाठ म्हणून दाखवला, फक्त शेवटचा आकडा चुकवला. पासवर्ड बदलावा लागला. नवा आणखी वाईट होता.

“अरे, तेच तेच काम मशीनला सांगता येत नाही का?” बायको म्हणाली. तिचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं, आणि यंत्रांबद्दल तिचा समज असा की ती माणसाचं ऐकतात.

दोन रविवार जेवणाच्या टेबलावर बसून त्याने स्क्रिप्ट लिहिली. अवघ्या बारा ओळींची. कॉम्प्युटर सुरू झाला की स्क्रिप्टने आपोआप चालावं, तळघराशी बोलावं, फोल्डर जोडावं आणि बाजूला व्हावं. अकराव्या ओळीत त्याने लिहिलं, की काही चूक झाली तर गप्प बस. उगाच पडद्यावर लाल अक्षरं आली की लोक घाबरतात आणि त्याला हाका मारतात, हा सहा वर्षांचा अनुभव होता.

सोमवारी स्क्रिप्ट चालली. मंगळवारी चालली, बुधवारीही चालली. पावणेनऊला जोडारी स्वतःच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे हे त्याला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी नकाशेबाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. बाई कचेरीतल्या सर्वांत जुन्या नकाशाकार. बावीस वर्षांत त्यांनी आवाज चढवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच त्या जवळ आल्या की लोक उभे राहत.

“चौदा नंबरचा नकाशा दिसत नाहीये,” बाई म्हणाल्या. “काल दिवसभर काढला. संध्याकाळी ठेवला.”

“कुठे ठेवलात?”

“नकाशे ठेवतात तिथे.”

त्याने जाऊन पाहिलं. फोल्डरमध्ये तेरा होता, पंधरा होता, चौदा नव्हता.

“काल हे बाकीचे नकाशे दिसत होते का?” त्याने विचारलं.

“नाही. काल फोल्डर अगदी स्वच्छ होतं. मला वाटलं, तुम्ही एकदाचं आवरलंत.”

जोडारीने मनात हिशेब मांडला. बाई सगळ्यांच्या आधी येत. इतक्या सकाळी तळघराची लाइन कधीकधी सुरूच झालेली नसे. स्क्रिप्टने हाक मारली असणार, पलीकडून उत्तर आलं नसणार, आणि स्क्रिप्ट हुकुमाप्रमाणे गप्प बसली असणार. बाई दिवसभर नुसत्या रिकाम्या फोल्डरमध्ये काम करत होत्या. ठीक आहे, पण मग तो नकाशा त्याच कॉम्प्युटरवर असायला हवा. तिथे तो नव्हता. काढून टाकलेल्या फायलींतही नव्हता. त्याने तळघरात फोन लावला.

“चौदा नंबर आमच्याकडे कधी आलाच नाही,” पलीकडचा माणूस म्हणाला. “आणि हे आम्ही लेखी देऊ शकतो.”

चौदा नंबर हा नदीवरच्या पुलाचा सगळ्यात किचकट नकाशा होता, आणि पुलाचे सगळे नकाशे येत्या बुधवारी चार वाजेपर्यंत द्यायचे होते. बाईंनी पुन्हा काढायला घेतला.

जोडारीने दुरुस्ती केली. लाइन नसेल तर स्क्रिप्टने हार मानायची नाही, दर पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायचा. शनिवारी ही सुधारलेली स्क्रिप्ट सातही कॉम्प्युटरवर बसली. सोमवारी लाइन दिवसभर येत-जात राहिली, आणि त्याच्या दुरुस्तीने आगीत तेल ओतलं. आधी कामं रात्रीतून गायब होत. आता ती लोकांच्या डोळ्यांदेखत गायब होऊ लागली. मोजणीदाराने नदीच्या पात्राची मापं भरली, चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, तर मापं नाहीत. अर्ध्या तासाने ती परत दिसली. तो धावत जोडारीला घेऊन आला, तोवर पुन्हा नाहीत.

“आत्ता होती,” मोजणीदार म्हणाला. “शपथेवर सांगतो.”

“माझा विश्वास आहे.”

“मग असं का बघताय माझ्याकडे?”

जोडारी त्याच्याकडे बघतच नव्हता. त्याच्या पलीकडे बाईंनी हातातली पट्टी टेबलावर हळूच ठेवली होती. चौदा नंबर पुन्हा गेला होता. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावर कोरं पान उघडलं आणि पहिली रेघ मारली. त्या चिडल्या असत्या तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. कोणाचं काय गेलं त्याची यादी झाली. सहा जणांचं काही ना काही गेलं होतं.

“आणि तुमचं, साहेब?” मोजणीदाराने विचारलं.

“माझं काही गेलेलं नाही,” साहेब पटकन म्हणाले. मग जोडारीकडे वळून, जरा घसा साफ करून त्यांनी विचारलं, “या गेलेल्या फायली... दुसऱ्या कोणाच्या मशीनवर जाऊन दिसू शकतात का?”

“सांगता येत नाही, साहेब.”

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. पंखा जोरात चालू होता.

त्या संध्याकाळी जोडारी घरी न जाता बायकोच्या दुकानात गेला आणि स्टुलावर बसून राहिला. बुधवारला दोन दिवस होते. दुपारनंतर चौदा नंबर तिसऱ्यांदाही गेला होता, आणि बाई आता चौथ्यांदा तोच पूल काढत होत्या. बारा ओळी त्याला पाठ झाल्या होत्या. एकाही ओळीत काही पुसून टाका असं म्हटलेलं नव्हतं. जे कोणी पुसलं नाही, ते गेलं कुठे?

“मला नाही वाटत मी उद्या त्या बाईंसमोर उभा राहू शकेन,” तो म्हणाला.

“बसून बोल मग,” बायको म्हणाली. ती एका गिऱ्हाइकाची जुनी फ्रेम उलटी ठेवून मागचे खिळे काढत होती. मागचा पुठ्ठा निघाला. तिने कुटुंबाचा एक रंगीत फोटो बाहेर काढला, आणि त्याच्या मागून आणखी एक, मिशीवाल्या कोणा गृहस्थांचा.

“हे कोण?”

“काय माहीत. नेहमीचंच आहे हे. लोक जुना फोटो काढत नाहीत, नवा त्याच्यावरच बसवतात. मग वर्षानुवर्षं शोधत बसतात, आमच्या आजोबांचा फोटो कुठे गेला. गेलेला कुठेच नसतो, आतच असतो.”

जोडारी स्टुलावरून उठला आणि पुन्हा बसला.

“पाणी देऊ का?” बायकोने विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “वर बसवलं तर खालचा दिसत नाही.”

“तेच तर सांगतेय.”

मंगळवारी तो सगळ्यांच्या आधी कचेरीत आला. बाई आल्या तशी त्याने त्यांच्याच खुर्चीत बसून तळघराचं फोल्डर सुटं केलं. एकदा सुटं केलं, तरी खाली तळघरच दिसत होतं. त्याची सुधारलेली स्क्रिप्ट एकावर एक चार वेळा जोडत गेली होती. तो एकेक थर काढत गेला. चौथा थर निघाला आणि खाली तेच जुनं, रिकामं समजलेलं फोल्डर उघडं पडलं. त्यात चौदा नंबरचे नकाशे होते. तीन.

बाईंनी तिन्ही एकेक करून उघडून पाहिले.

“शेवटचा ठेवा,” त्या म्हणाल्या. “पहिल्यात एक खांब पाण्याबाहेर पडला होता. गेला तेच बरं झालं.”

मोजणीदाराची मापं निघाली, बाकीच्यांचंही सगळं निघालं. बुधवारची वेळ पाळता येणार हे दुपारपर्यंत नक्की झालं, आणि लोक जोडारीशी पुन्हा बोलायला लागले. आता एकच कॉम्प्युटर उरला होता.

“माझं राहू द्या,” साहेब म्हणाले. “म्हटलं ना, माझं काही गेलेलं नाही.”

“तरी स्क्रिप्ट बदलावी लागेल, साहेब. पाच मिनिटांचं काम आहे.”

साहेबांना नाही म्हणायला कारण सापडेना. ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. जोडारीने थर काढले. खाली एकच फाइल होती. तिचं नाव होतं ‘नोकरीसाठी अर्ज – शेवटचा – सुधारित’.

जोडारीने ती उघडली नाही.

“वाचलात?” साहेबांनी खिडकीकडेच तोंड ठेवून विचारलं.

“नाव वाचलं.”

“गुरुवारी मी लवकर आलो, तर फोल्डर रिकामं दिसलं. मला वाटलं, ही माझ्या एकट्याची जागा असेल. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अर्ज नाही. पाच दिवस झाले. कोणी हाक मारली तरी दचकतो मी. वाटतं, याच्या पडद्यावर आला.”

“कोणाला दिसला नसता, साहेब. फक्त इथे, खाली होता.”

साहेब वळले. त्यांचा चेहरा आठवडाभर न झोपलेल्या माणसाचा होता, आणि अशा चेहऱ्याची जोडारीला आरशात सवय झाली होती.

“पुलांचा कंटाळा आला हो,” ते म्हणाले. “अठरा वर्षं झाली. तुम्हाला म्हणून सांगतो. अर्ज केलाय तिथे पाणी नाही, खांब नाहीत. बागांची आखणी करतात.”

“चांगलं आहे,” जोडारी म्हणाला. त्याने अर्ज साहेबांच्या खासगी जागेत हलवला, स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि उठला. दारापर्यंत गेला.

“ऐका,” साहेबांनी आवाज खाली आणला. “त्यांना कॉम्प्युटरचाही एक माणूस हवा आहे.”

जोडारीने दार नीट लागलंय का ते पाहिलं, आणि मग परत येऊन साहेबांच्या समोरची खुर्ची ओढली.