आवाज आहे, चित्र नाही

नाशिकच्या सिडकोतल्या देवऱ्यांच्या घरी टीव्हीचा आवाज चालू होता आणि चित्र गेलं होतं. मालिकेतली सासू काळ्याकुट्ट पडद्यामागून सुनेला घराबाहेर काढत होती आणि साधनाताई हातातला लसूण तसाच धरून त्या अंधाराकडे बघत होत्या. देवरे उठले आणि त्यांनी टीव्हीच्या डाव्या बाजूला एक चापट मारली. चित्र आलं. तोवर सून जाऊन जाहिराती लागल्या होत्या.

"मेकॅनिकला बोलवा," साधनाताई म्हणाल्या.

मल्हारी देवरे अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला उभं आयुष्य काढून निवृत्त झाले होते. अशा माणसाच्या घरी टीव्ही दुरुस्त करायला बाहेरचा कोणी आला, तर कॉलनीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही असं त्यांचं ठाम मत होतं. कॉलनीला या विषयावर काडीचंही मत नव्हतं, पण हे त्यांना कोण सांगणार.

"मेकॅनिक आला की हा नीट चालेल, आणि तो गेला की पुन्हा बंद पडेल," ते म्हणाले. "हा कायमचा बिघाड नाही, अधूनमधूनचा आहे. याला धीर लागतो. इकडे ये, दाखवतो."

चित्र पुन्हा गेलंच होतं. देवऱ्यांनी खिडकी लावून घेतली, मोबाइलची बॅटरी पेटवली आणि काळ्या पडद्याला चिकटवून धरली. तेवढ्या उजेडात कुणाचा तरी एक कान आणि मंगळसूत्राची वाटी अंधुक दिसली.

"दिसलं? म्हणजे चित्र आहे. चित्रामागचे दिवे गेलेत फक्त."

"मला कान नाही बघायचा," साधनाताई म्हणाल्या. "रविवारी माझा कार्यक्रम आहे."

शहरातल्या एका केबल चॅनेलवर रविवारी दुपारी पाककृतींचा कार्यक्रम लागायचा. त्यात साधनाताईंची कढी आणि डाळीच्या वाफवलेल्या फुणक्यांसाठी निवड झाली होती आणि शूटिंगही उरकलं होतं. देवऱ्यांना याचा इतका अभिमान वाटत होता, की तो एकट्याने सांभाळणं त्यांच्याच्याने शक्य नव्हतं.

"म्हणून तर देवळ्याला फोन केला मी," ते म्हणाले. "अक्का आणि दाजी येतायत रविवारी. हा चॅनेल तिकडे दिसत नाही ना. म्हटलं, इथेच या, मोठ्या टीव्हीवर बघा."

साधनाताईंच्या हातातला लसूण खाली पडला.

"कुणाला विचारून बोलावलंत?"

"अगं, सख्खी बहीण आहे माझी."

साधनाताईंनी वाकून लसूण उचलला. मग म्हणाल्या, "राहू द्या तो टीव्ही तसाच. नाही दिसलं तर नाही दिसलं. फुणक्यांत काय एवढं बघायचंय."

हे ऐकून देवऱ्यांचा जीव गलबलला. आपल्याला त्रास नको म्हणून बिचारी मन मारतेय. आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर येणार, तेही नणंदेसमोर, आणि म्हणते राहू द्या. आता टीव्ही दुरुस्त झाल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कारखान्यात ते नव्या पोरांना एकच शिकवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा. पहिला संशय मिक्सरवर गेला. मिक्सर लावला की व्होल्टेज पडतं, म्हणून मिक्सर बंद. साधनाताईंनी चटणी खलबत्त्यात कुटली आणि टीव्हीचे दिवे तरीही गेले. मग फ्रिज बंद केला. दूध नासलं, दिवे गेले. मग पंखे बंद झाले आणि दोघं घामाघूम होऊन टीव्हीसमोर बसली. शेजारच्या लताबाई दारात येऊन विचारून गेल्या, "तुमच्याकडंच लाइट गेलीय का हो?"

गंमत अशी, की टीव्ही जितका दाद देईना तितक्या साधनाताई प्रसन्न होत चालल्या होत्या. शनिवारी सकाळी तर त्यांनी न मागता शिरा केला. देवऱ्यांनी तो खाल्ला आणि मनाशी म्हणाले, हिच्यासाठी हे केलंच पाहिजे.

जेवण झाल्यावर त्यांनी गोधडी अंथरून टीव्ही पालथा घातला आणि मागचं झाकण काढलं. दिव्यांच्या पट्टीकडे जाणारी वायर जिथे खोबणीत बसते, तिथे ती ढिली होती. टीव्ही तापला की वायर जराशी सरकायची आणि दिवे जायचे. चापट बसली की ती पुन्हा जागेवर यायची. देवऱ्यांनी पिना घासूनपुसून साफ केल्या, वायर दाबून बसवली आणि ती हलू नये म्हणून वर पुठ्ठ्याची जाड घडी कोंबली. संध्याकाळभर त्यांनी टीव्हीला डावीकडून, उजवीकडून, खालून, वरून थापट्या मारल्या. दिव्यांनी पापणीही हलवली नाही.

"झाला," ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले.

"झाला?" साधनाताईंनी विचारलं आणि पोळी तव्यावरच करपू दिली.

रविवारी अक्का आणि दाजी वेळेच्या कितीतरी आधीच हजर झाले. चंद्रभागा अक्का मल्हारीहून मोठ्या, आवाजानेही मोठ्या. त्यांचे यजमान पुंजा दाजी कांद्याची पिशवी दारात ठेवून टोपी सावरत कोपऱ्यात बसले. त्यांना बोलायचं काम फारसं पडत नसे, कारण ते अक्का करायच्या. देवऱ्यांनी दोघांना बिघाडाची सगळी हकिकत सांगितली. काळ्या पडद्यावर बॅटरी कशी धरायची, आतलं चित्र कसं दिसतं, तेही मोबाइल हातात धरून दाखवलं. दाजींनी मन लावून ऐकलं.

"अहो," आतून हाक आली, "जरा आत या."

साधनाताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. चेहरा उतरलेला होता.

"टीव्ही बंद पाडा."

"काय?"

"अक्कांची पैठणी."

आपल्या महेशच्या लग्नासाठी अक्कांनी येवल्याहून मोरपंखी पैठणी आणली होती आणि फॉल-पिकोसाठी साधनाताईंकडे ठेवली होती. मुलाच्या लग्नात वरमाई म्हणून मिरवताना अक्का तिची घडी मोडणार होत्या. तोवर त्यांनी ती अंगालाही लावली नव्हती.

"नेसले मी ती. शूटिंगला."

"फुणके करायला पैठणी?"

"ते लोक म्हणाले, ठसठशीत रंगाची नेसून या. माझ्या सगळ्या फिकट. म्हटलं, चॅनेल काही देवळ्याला दिसत नाही. तिथेच नेसले, तिथेच बदलली, तशीच घडी घालून ठेवली. तुम्ही बोलावून बसाल हे मला काय माहीत?" त्यांचे डोळे भरून आले. "लग्नात त्या माझ्याशी बोलणार नाहीत. तुमच्याशीसुद्धा नाही."

अक्कांचा अबोला देवऱ्यांनी लहानपणापासून पाहिला होता. धाकट्या चुलतभावाने विचारल्याशिवाय त्यांची सायकल नेली होती, तर त्याची पोरं शाळेत जाईपर्यंत अक्का त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आणि हे तर पोटच्या पोराचं लग्न होतं. बाहेर कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं.

देवरे बाहेर आले आणि टीव्हीच्या डाव्या बाजूला त्यांनी एक चापट मारली. चित्र लख्ख. दुसरी मारली. आणखी लख्ख वाटलं.

"काय रं, कशापायी मारतो त्याला?" अक्कांनी विचारलं.

"धूळ आहे."

ते आत गेले आणि रिकामा मिक्सर लावून आले. काही नाही. फ्रिज, पंखे, सगळं एकदम चालू केलं. काही नाही. स्वतःच्या कामाचा इतका राग त्यांना उभ्या नोकरीत आला नव्हता. "आणि आज आपल्यासोबत आहेत," निवेदिका म्हणाली. देवऱ्यांनी स्वयंपाकघरातून लाटणं उचललं. मागच्या झाकणाचे खालचे स्क्रू लावायचे काल राहिले होते, तेच आज पथ्यावर पडलं. झाकण जरासं उचलून त्यांनी लाटण्याच्या टोकाने पुठ्ठा ढकलला. पडदा काळा झाला.

"नमस्कार," काळोखातून साधनाताईंचा आवाज आला, "मी साधना देवरे."

"गेलं का रं?" अक्का म्हणाल्या.

"गेलं," देवरे लाटणं पाठीमागे लपवत म्हणाले. "आता काही येत नाही. पण आवाज आहे ना, कृती ऐकू."

"लांबून आलो अन् ऐकायचं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून दाजी उठले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बॅटरी पेटवली आणि पडद्याला चिकटवून धरली.

"आत्ताच तर दाखवलं भाऊंनी," ते म्हणाले.

उजेडात एक मोर दिसला. शेजारी आणखी एक. अक्का पाटावरून पुढे सरकल्या.

"खाली घ्या," त्या म्हणाल्या. दाजींनी खाली घेतलं. सोनेरी काठ दिसला.

"ही माझी पैठणी हाय."

टीव्हीतल्या साधनाताई हिरवी मिरची ठेचून घालायला सांगत होत्या. खऱ्या साधनाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अक्का, चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

अक्कांनी वळून बघितलं नाही. त्यांची नजर काठावर होती.

"दुकानात मला तर काय समजलंच नाय," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांच्या त्या दिव्यांत सगळंच चमकतं. घरी आणली तवापासून जीवाला घोर होता, की इतका भारी रंग आपल्याला शोभंल का नाय. कुणाला विचारता बी येईना." मग त्या थोड्या आणखी पुढे वाकल्या. "लय उठून दिसते की गं."

त्यांनी कमरेचा फोन काढून महेशला लावला. "अरं, माझी पैठणी टीव्हीत आली. हां, नाशिकच्या. घडी मोडली ती मोडली, पण आख्ख्या नाशिकानं बघितली." फोन ठेवून त्या भावाकडे वळल्या. "मल्हारी, उभा काय राहिला? तुझी बी बॅटरी लाव. निऱ्या दिसंनात."

देवऱ्यांनी लाटणं टीव्हीवर ठेवलं आणि मोबाइल काढला. सुटलेल्या श्वासाबरोबर त्यांना हसूही येत होतं, ते त्यांनी दाबलं. दोन मेंटेनन्सवाले काम करत असल्यासारखे ते आणि दाजी पडद्यावर उजेड फिरवू लागले, आणि अक्का काठ, बुट्ट्या, निऱ्या एकेक करून बघू लागल्या. आतमध्ये निवेदिका फुणक्यांची चव घेऊन साधनाताईंचं तोंडभरून कौतुक करत होती.

साधनाताई डोळे पुसून पुढे आल्या. पडद्यावर कुठे आपलं तोंड दिसतंय का ते त्यांनी वाकून बघितलं. दिसत नव्हतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "एखादी बॅटरी जरा वर घ्या की. माझा कार्यक्रम आहे तो."

"थांब गं," अक्का म्हणाल्या, "अजून पदर व्हायचाय."