तोडकरकाकांची बशी

तोडकरकाका ऑफिसला येताना लॅपटॉपच्या बॅगेत एक बशी घेऊन यायचे.

कप नाही, नुसती बशी. पांढरी, खोलगट, काठाला निळी रेघ, एका जागी टवका उडालेला. ती एका मोठ्या चौकडीच्या रुमालात बांधलेली असायची. सांता क्लारातल्या आमच्या ऑफिसात चहा म्हणजे कागदी पेल्यात गरम पाणी आणि त्यात बुडवलेली पिशवी. काका तो पेला घेऊन जागेवर येत, रुमालाची गाठ सोडत, बशी पुसत, अर्धा चहा बशीत ओतत आणि दोन्ही हातांनी बशी उचलून, फुंकर मारून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज करत पीत. मग बशी पुन्हा रुमालात. पेल्यातला उरलेला अर्धा चहा टेबलावर तसाच राहायचा. तो काका कधी पीत नसत. संध्याकाळी सफाईवाली बाई येऊन तो टाकून द्यायची.

शेजारच्या क्यूबिकलमध्ये नागपूरचा निखिल बसायचा. तो एकदा म्हणाला, "काका, यार, प्यायचा नसतो तर अर्धाच घेत जा ना."

"अर्धा घेतला तर माझ्या वाट्याला पाव येईल," काका म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले.

निखिलने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी काकांबरोबर एकाच अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि भांडी घासायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे हा अर्धा कप मला चांगला माहीत होता. घरीही तेच. रोज सकाळी काका बशी पिऊन अंघोळीला जायचे आणि मी त्यांच्या कपातला गार झालेला चहा सिंकमध्ये ओतायचो.

मी मेहकरचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. अमेरिकेत आलो तेव्हा मला बँकेत काय बोलायचं, गाडीत पेट्रोल कसं भरायचं, थंडीत कुठला कोट घ्यायचा, काहीच ठाऊक नव्हतं. ते सगळं काकांनी शिकवलं. रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी शिकवताना मी त्यांच्यावर एकदाच ओरडलो, पण ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. त्यांचं माझ्यावरचं ऋण मी कुठल्या भाषेत सांगू हे मला अजून कळत नाही. म्हणून निदान त्यांच्याविषयी नीट लिहावं, एवढंच ठरवलं आहे.

काका टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या, हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी जगाला लावलं होतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. एखादी वस्तू दाखवली की ती उलटीसुलटी करून म्हणायचे, "चालेल, पण टिकणार नाही." मी आणलेला सोफा चालेल, पण टिकणार नाही. निखिलचं जर्सी सिटीतल्या मुलीशी फोनवर चाललेलं प्रेम चालेल, पण टिकणार नाही. काकांनी लग्न केलं नव्हतं. एकदा धीर करून कारण विचारलं तर म्हणाले, "एक मुलगी बघितली होती. चाललं असतं."

ते दोन हजार दोन साल होतं आणि त्या वर्षी त्यांचं वाक्य सगळ्यांच्याच बाबतीत खरं होऊ लागलं. शुक्रवार आला की नोकरी गेलेलं कोणी ना कोणी आपलं सामान खोक्यात भरून पार्किंगकडे जाताना दिसायचं. आमचा अर्धा मजला रिकामा झाला. निखिलही गेला, तो जाताना कुणाशी बोलला नाही. त्यातच डिसेंबरात इचलकरंजीहून काकांच्या वहिनींचा फोन आला. दादांचं जास्त आहे, लवकर या.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून दादा मागावर कामाला. त्यांनी साऱ्या आयुष्यात साड्या विणल्या आणि धाकट्याला इंजिनीअर केलं. आता सुताची भुकटी छातीत बसली होती. काका दर रविवारी फोन करायचे आणि त्यात स्वतःचं काहीच सांगत नसत. दादा विचारायचे आणि काका अमेरिका सांगायचे. ग्रँड कॅनियनला गेलो होतो तेव्हा काकांनी दरीकडे बघायच्या आधी वही काढल्यासारखे डोळे बारीक केले होते. दादांना सांगण्यासाठी ते पाहत होते. स्वतः दादा पंढरपूर सोडून कुठे गेले नव्हते.

नाताळच्या गर्दीत लवकर पोचणाऱ्या विमानात जागा मिळेना. जे तिकीट मिळालं त्यात वाटेत टोकियोला आख्खा एक दिवस थांबायचं होतं. काकांनी घाबरत घाबरत ते दादांना फोनवर सांगितलं. मी शेजारीच होतो, स्पीकर चालू होता.

"म्हंजे जपान?" पलीकडून धापा टाकत आवाज आला.

"हो दादा. पण मी विमानतळावरच थांबेन."

"बसायला जपानला चाललास व्हय रे? फिर दिवसभर. सगळं बघ. आणि आल्यावर मला नीट सांग. घाईत सांगायचं न्हाई."

"दादा, तुमची तब्येत..."

"तू बघून ये. मी हाय."

काकांच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. सदोष प्रोग्रॅम समोर आल्यावर यायचं तेच. पण ते वाक्य त्या दिवशी त्यांनी उच्चारलं नाही.

विमानतळावर सुरक्षेच्या माणसाने रुमाल सोडून बशी बाहेर काढली, उजेडात धरली आणि विचारलं, "याचा कप कुठे आहे?" काका म्हणाले, "घरी. तिकडेच चाललोय."

तीन आठवड्यांनी ते परत आले. मी जे समजायचं ते चेहऱ्यावरून समजलो. त्यांनी फक्त "दादा गेले" एवढं सांगितलं आणि कोट खुंटीला लावला. जपानविषयी अवाक्षर नाही. ऑफिसात कुणी "हाऊ वॉज टोकियो?" विचारलं की ते "क्लीन" म्हणायचे. बशीही दिसेना. ते कागदी पेल्यातून अर्धा चहा प्यायचे आणि अर्धा ठेवायचे, पण कुठला अर्धा कुणाचा हेच आता त्यांना समजत नसावं अशा तऱ्हेने. घरी तर त्यांनी चहाच सोडला. मी केला तरी नको म्हणायचे. मला सिंकमध्ये ओतायला चहा नसायचा आणि त्याचं मला इतकं वाईट वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी पोस्टमन खोकं घेऊन आला. वर जपानी तिकिटं आणि खाली "केअर ऑफ" म्हणून माझं नाव. काका खोक्याकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि स्वतःहून बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"रात्रभर झोप नाही. सकाळी विमानतळावरून आगगाडी धरली आणि एका मोठ्या देवळापाशी उतरलो. दारात आपल्या खोलीएवढा लाल कंदील. दादांना सांगायला हे एक झालं, म्हटलं. पुढं अंगणात भलं मोठं धूपपात्र. लोक त्यातला धूर हाताने ओढून अंगाला लावत होते. ज्याचा गुडघा दुखतो तो गुडघ्याला, ज्याचं डोकं दुखतं तो डोक्याला. एका पोरीने मला खुणेने समजावलं, जिथं दुखतं तिथं लाव. मी म्हटलं, माझं दुखत नाही, माझ्या भावाचं दुखतं. तिला काय कळणार."

"मग?"

"मग मी रुमाल काढला. धुरात धरला, चांगला भरू दिला आणि गाठ मारली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. वीस वर्षं चुका शोधणारा हा माणूस.

"मला माहीत आहे रे," ते म्हणाले. "धूर टिकत नाही. पण तेवढ्यापुरतं चाललं."

तिथून त्यांनी घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, झोपलेत, तुम्ही फिरा. काका फिरले. नदीवरून बोटीने गेले, राजवाड्याच्या खंदकाभोवती चालले, एका बागेत पाटी वाचता येत नसताना उभे राहून पाटी पाहिली. पायाला फोड आले. प्रत्येक ठिकाणी बघायचं, लक्षात ठेवायचं आणि फोन शोधायचा. "जागे झाले होते, विचारत होते कुठवर आला," वहिनी म्हणाल्या, तेव्हा काका आणखी एक देऊळ बघायला गेले. बसायची इच्छा होती, पण दादांचा हुकूम होता.

"आणि स्टेशनाच्या जिन्यावर बॅग आपटली. आवाजावरूनच कळलं. रुमालात धूर बांधलेला, बशी तशीच उघडी ठेवली होती. तीन तुकडे."

ते तुकडे घेऊन काका भांड्यांच्या दुकानांच्या एका रस्त्यावर गेले. रस्ताभर भांडीच भांडी. पण त्या लोकांच्या कपाला बशी लागतच नाही, आणि होत्या त्या सपाट थाळ्या, ज्यात चहा ओतला तर वाहून जाईल. एका दुकानदाराने तुकडे जुळवून पाहिले आणि हात धरून त्यांना मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बाईकडे नेलं. त्या मातीची भांडी करायला शिकवत असत. काका चाकावर बसले. पहिली बशी मुरगळली, दुसरी उडून भिंतीला लागली. बाई हसल्या नाहीत. पुन्हा माती द्यायच्या. चाक फिरत होतं आणि काकांना बसल्या बसल्या डुलकी लागत होती.

"मधे त्यांनी हिरवा चहा दिला, वाडग्यात. मी सवयीने एक ताटली मागितली आणि अर्धा तिच्यात ओतला. ताटलीभर पसरला. तसाच प्यालो. उरलेला वाडगा बाईंनी बघितला, माझ्याकडे बघितलं आणि त्यावर झाकण ठेवून तो खिडकीत ठेवला. टाकला नाही."

शेवटी बशी जमली. काकांनी ती कागदात गुंडाळायला मागितली. बाईंनी मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून दाखवली. वाळवायची, भाजायची, रंग द्यायचा, पुन्हा भाजायची. पोस्टाने पाठवू, पत्ता लिहा.

"माती भाजावी लागते हे मला माहीत नाही का? कुंभारवाड्याशेजारी वाढलो मी. पण त्या दिवशी डोक्यात एकच होतं, उद्या घरी जायचं आणि बशी कपाखाली ठेवायची." त्यांनी खोक्यावरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. "इचलकरंजीचा पत्ता लिहायला घेतला. दादांचं नाव लिहवेना. मग इथला पत्ता आणि तुझं नाव लिहिलं."

संध्याकाळच्या फोनवर वहिनींनी दादांच्या कानाशी रिसीव्हर धरला. काकांना नुसता श्वास ऐकू आला. ते म्हणाले, दादा, सगळं बघितलं, येऊन सांगतो. दुसऱ्या दिवशी विमान, मग बस. कोल्हापूरच्या स्टँडवर पुतण्या न्यायला आला होता. त्याच्या डोक्याचा गोटा केलेला होता.

"घरी गेलो, कप फळीवर होता. रुमाल बॅगेतून काढलाच नाही. सांगायचं सगळं तसंच राहिलं."

मी सुरी आणून खोकं उघडलं. पेंढ्यातून बशी निघाली. फिकट हिरवी, एका बाजूला कललेली आणि भाजताना आकसून चांगलीच लहान झालेली. काकांनी ती उलटी करून पाहिली, बोटाने वाजवली. मी त्यांच्या वाक्याची वाट पाहत होतो. ते म्हणाले, "चहा ठेव."

मी आलं घालून चहा केला, एकच कप, कारण त्यांनी तेवढाच सांगितला. त्यांनी तो जपून बशीत ओतला. लहान बशीत अर्ध्यालाही जागा नव्हती, काठोकाठ भरली.

"आमच्याकडे सकाळी एकच कप चहा व्हायचा," काका म्हणाले. "बशी धाकट्याची, कप थोरल्याचा. बशीतला लवकर निवतो, पोराला शाळा असते. मी पिऊन जायचो, दादा मागून कप प्यायचे. त्यात कधी बदल नाही."

मी मान खाली घातली. रोज सकाळी सिंकमध्ये काय ओतत होतो ते मला तेव्हा समजलं.

काकांनी भरलेली बशी दोन्ही हातांनी उचलली, न सांडता टेबलावरून माझ्यापुढे सरकवली आणि कप स्वतःकडे ओढला.

"घे," ते म्हणाले. "फुंकून पी."

मी प्यालो. ते कपातून एक एक घोट घेत होते, सवय नसल्यासारखे, तोंड पोळत. मग लाल कंदिलापासून पुन्हा सांगू लागले, आता घाई न करता. ऐकून झाल्यावर मी भांडी घासायला उठलो. कप रिकामा होता.