बुजलेली वीज

प्रमिला भालशंकर यांनी कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकला, तेव्हा घरातली वीज बुजली आणि वायर सोडून भिंतीत जाऊन बसली. ही बार्शीतली गोष्ट, बुधवारी सकाळी सव्वानऊची. मिक्सर चटणी अर्धवट वाटून थांबला, पंखा थांबला आणि मधल्या खोलीत अंडी उबवायच्या पेटीतला दिवा विझला.

मिक्सर-पंख्याचं काही नव्हतं, पण पेटीत गावरान कोंबडीची अठ्ठेचाळीस अंडी होती आणि तो त्यांचा एकोणिसावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर प्रमिलाताईंनी ती पेटी थर्माकोलच्या खोक्यातून स्वतः बनवली होती. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. या खेपेची पिल्लं त्यांनी बचत गटातल्या बायकांना कबूल केली होती.

त्यांनी वीज कार्यालयात फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी मीटरपर्यंत वीज येते का, ते बघायला सांगितलं. येत होती. मग मीटरच्या पुढे बुजलेली वीज ही घरमालकाची जबाबदारी, असा नियम त्यांनी वाचून दाखवला. पण फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून ते म्हणाले की हमीदा मुलाणींना बोलवा, आमच्याकडेही त्याच येतात.

हमीदाआपा अर्ध्या तासात आल्या. पंचावन्न वर्षांची, किडकिडीत बाई. वायरमन असलेल्या वडिलांची चामड्याची पिशवी खांद्याला. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला. मागून येणारी वीजही बुजली तर दोघी भिंतीत बसतील, आणि दोघी बसल्या की एकमेकींना सोडत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. मग पकडीने खिळा उपटला, कुणाच्या पायातला काटा काढावा तितक्या हलक्या हाताने. हा कुणी ठोकला, असं त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला कान लावून, बोटाच्या पेराने टकटक करत त्या स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आल्या. कोनाड्यापाशी थांबल्या. टेस्टरचं टोक गिलाव्याला टेकवलं, तर त्यातला बारका दिवा मिणमिणला.

"इथं आहे," त्या म्हणाल्या. "घाबरलीय, पण धडधाकट आहे."

मग त्या पाटावर बसून भिंतीशी बोलू लागल्या. वीज बारीक गुणगुणल्यासारखं बोलत होती, पण शब्द स्पष्ट होते. आपण पेटीकडे निघालो होतो, वाटेत अणकुचीदार काहीतरी आडवं आलं, आता त्या वायरीने आपण जाणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. हमीदाआपांनी वाद घातला नाही. दरवाजाच्या वरून नवी वायर टाकते म्हणाल्या, पण संध्याकाळ होईल.

प्रमिलाताईंना राहवलं नाही. "चूक माझी आहे. आत कोण आहे ते न बघता मी खिळा ठोकला."

विजेने भिंतीतून विचारलं, "अंडी कशी आहेत?"

पेटीतला पारा साडेसदतीसवरून पस्तिसावर आला होता. प्रमिलाताईंनी तसं सांगितलं. हमीदाआपांनी कोनाड्यात तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, अंडी इकडं आणा."

कापूस अंथरून सगळी अंडी कोनाड्यात मांडली, पाण्याची वाटी ठेवली, पुढे टॉवेल सोडला. पंधरा मिनिटांत पारा साडेसदतीसला आला आणि तिथून रेसभरही हलला नाही. रडणारी पोरं गप्प करणाऱ्या पुष्कळ बायका प्रमिलाताईंनी नोकरीत पाहिल्या होत्या. पण घाबरलेल्याच्या हाती त्याचंच काम देऊन त्याला सावरणारी बाई त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी आपांसाठी न विचारता चहा टाकला.

संध्याकाळी नवी वायर झाली. वीज मात्र उठेना. हातातलं काम टाकून येता येणार नाही, असं तिने सांगितलं. आता आपा तिला दटावतील असं प्रमिलाताईंना वाटलं. आपांनी पिशवी आवरली.

"तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा उठले नसते. मेन बंदच ठेवा. भिंत गार पडली की लावा."

पुढचे दिवस प्रमिलाताईंनी चटणी पाट्यावर वाटली आणि वर्तमानपत्राने वारा घेतला. येता-जाता त्या भिंतीला अंडी बरी आहेत म्हणून सांगत. शुक्रवारी दुपारी पहिलं कवच तडकलं आणि दिवेलागणीपर्यंत पंचेचाळीस पिल्लं निघाली. राहिलेल्या तिघांसाठी वीज शनिवारी दुपारपर्यंत थांबली. त्यातलं एक निघालं. उरलेल्या दोघांपाशी ती आणखी तासभर बसली आणि मग भिंत हळूहळू गार झाली.

प्रमिलाताईंनी मेन लावला आणि आपांना फोन केला.

"आली का?"

"आली. पण पंखा फार हळू फिरतोय."

"दमली असेल," आपा म्हणाल्या. "आजच्या दिवस एकवरच ठेवा."

प्रमिलाताईंनी बटण एकवर आणलं, आणि स्वयंपाकघरातला दिवाही मालवून टाकला.