शिकंल मोर

“या श्रावणात तुमच्या विळ्याला कायमची सुट्टी!” असं मी आबांना जाहीर केलं, तेव्हा आबा बांधावर उकिडवे बसून गवत कापत होते आणि मी उपड्या घमेल्यावर बसून मोबाइलमध्ये यंत्रं बघत होते. काम कोण करत होतं याबद्दल आमचे मतभेद होते.

आमच्यात मतभेद सगळ्याच बाबतींत असायचे. मी मारुंजीत राहते आणि पुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणजे लोकांच्या चुका काढते. आबा मुळशीत भात पिकवत आणि माझ्या चुका काढत. “एकदा तरी म्हण, आबा तुमचं बरोबर,” ते डिवचायचे. “चूक सापडली नाही की म्हणेन,” मी म्हणायचे. चूक सापडायचीच!

“सिकल मोअर म्हणतात त्याला,” मी फोन त्यांच्यापुढे धरला.

आबांना ऐकू जरा कमी यायचं. विळा थांबला. “शिकंल मोर? मोर काय शिकंल?”

“मोर नाही, मोअर! न्हाव्याच्या मशीनसारखं असतं. पुढे दातांची आडवी पट्टी. छातीएवढं गवत बुडापासून भादरतं!”

“मोर हितं हायेत की. त्यांनाच शिकव.” आबा पुन्हा कापू लागले. सगळा बांध चकाचक, फक्त घाणेरीच्या झुडपापाशी गवताचा एक पट्टा तसाच उभा होता. घाईत दाढी करताना हनुवटीखाली केस राहावेत तसा.

“तो का सोडलात? दमलात ना?”

“दमतोय कशाला? त्यो राहू दे. मशीनीला डोळं असत्यात का?”

“डोळे चालवणाऱ्याला असतात, आबा!”

“मग चालवणारा बघ आधी,” आबा म्हणाले. संध्याकाळी एसटीत बसवताना माझ्या मांडीवर काकड्यांची पिशवी ठेवली. “आण तुझा मोर. बघू कोण बरोबर ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत. वाद तसाच राहिला.

पुन्हा श्रावण आला तोवर आमच्या बांधावर माणूस उभा केला तर दिसला नसता. बांधालगतचा पाण्याचा चर गवतानं तुंबला होता आणि आमचं पाणी खालच्या जयसिंगतात्यांच्या भातात शिरत होतं. आईनं फोनवर सांगून टाकलं, “वर्षश्राद्धाच्या आत चर मोकळा झाला तर बरं. न्हाईतर वावर देते रिसॉर्टवाल्याला. गाड्या लावायला मागतोय. तुझ्या बापाच्या हयातीत आपल्या पाण्याबद्दल कुणी ब्र काढला न्हाई!”

“आई, मी आहे ना!” मी म्हणाले.

आबांच्या वावरात लोकांच्या गाड्या! मी पौडच्या अनिसभाईंचं दुकान गाठलं आणि स्थळं बघावीत तशी यंत्रं बघितली. पहिलं गळ्यात अडकवायचं, तारेनं गवत झोडपणारं. ते चालवून दाखवताना अनिसभाईंच्या मिशीत इतकं गवत गेलं, की शेळी मागे लागली असती. दुसरं गोल पात्याचं. “तुमच्या चरात दगड हायेत का, ताई? मग ह्ये नको. दगड उडून कुणाचा डोळा जायचा.” तिसरं लहानसं, नाजूक. “ह्ये बंगल्यातल्या हिरवळीचं. तुमच्या गवतात शिरलं तर शोधायला माणसं लावावी लागतील!”

चौथं माझं! दोन रुंद चाकं, पुढे दातेरी पट्टी, चराच्या उतारावर झुकवलं तरी न कलंडणारं. अनिसभाई म्हणाले, “पट्टी आखूड घ्या, बांधाला वळवायला सोपी.” हे मीही वाचलं होतं, त्यामुळे आम्हा दोघांना एकमेकांचं फार कौतुक वाटलं.

टेम्पोतून यंत्र घरी पोचवलं तेव्हा आई देवळात होती. मी उत्साहात तिला आवाजी निरोप पाठवला: “आई, मोर आणला! गोठ्यात झाकून ठेवलाय. उद्या सकाळी कापायला घेऊ. तात्यांनाही बोलव!”

निरोप गेला गावाच्या ग्रुपवर. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात उभं आयुष्य गेलेल्या बाईला ही चूक दिसली नाही. अंगठे, हात जोडलेले, डोळे वटारलेले, सगळं त्या ग्रुपवर येऊन पडत होतं. मी मात्र फोन चार्जिंगला लावून गाढ झोपले होते.

सकाळी दारात जयसिंगतात्या उभे. मागे निम्मी आळी.

“उत्की, मला बोलावलंस, मानलं. पण मला वाटा नको! अगं, श्रावण हाय!”

“वाटा कसला, तात्या? सगळ्यांसाठीच आणलाय. लागेल तेव्हा न्या.”

“बापाचं वर्षश्राद्ध तोंडावर आन ही पोरगी...” तात्या मटकन ओट्यावर बसले.

एवढ्यात मोटारसायकलवरून खाकी कपड्यातली एक मुलगी उतरली. “मी गौतमी, वनरक्षक. मोर कुठाय?”

यंत्राला वनखात्याची परवानगी लागते हे मी कुठेच वाचलं नव्हतं! “गोठ्यात. ताडपत्रीखाली.”

“जिवंत आहे?”

“दोरी ओढल्याशिवाय कसं सांगू?”

“दोरी बांधलीय?” तिचा आवाज चढला.

“दोरी त्याला असतेच. कंपनीकडूनच येते.”

“आणि पाय?”

“पाय नाहीत. चाकं आहेत.”

 गौतमीनं गोठ्यात जाऊन ताडपत्री उचलली. मागून डोकावलेली निम्मी आळी एकदमच हसायला लागली. आई हसली नाही. तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “ह्ये खूळ तुझ्या बापापासनं चालत आलंय.”

“तक्रार आलीय तर जागा बघून जाते,” गौतमी म्हणाली. मला तेच हवं होतं, बघायला माणसं! मी दोरी ओढली. मोर गरजला. चराच्या काठानं निघाला आणि गवत असं आडवं होत गेलं, की तात्यांनी टोपी काढून हलवली. तुंबलेलं पाणी आधी घुटमळलं, मग खळखळत ओढ्याकडे धावलं. तात्यांचं भात वाचलं! मी मागे वळून लोकांकडे बघत, विजयी मुद्रेनं, घाणेरीकडे निघाले.

“बंद करा!” गौतमी ओरडली.

मी बटण दाबलं. पट्टीपासून काही हातांवर, गवतात, एक मान उभी होती. करडी, बारीक, वर तुरा. लांडोर! एवढ्या आवाजातही ती हलली नव्हती. पोटाखालून अंड्याची फिकट कड दिसत होती.

 गौतमीनं हातानंच सगळ्यांना मागे सारलं. “पिल्लं निघेपर्यंत इथं मशीन नाही, माणूस नाही, काही नाही. दर वर्षी बसत असेल ही इथं.”

“तुझा बाप, हैबतराव, ह्यो पट्टा दरसाल सोडायचा,” तात्या हळूच म्हणाले. “मला वाटायचं, त्याची कंबर धरती.”

मलाही तसंच वाटलं होतं. मी तोंडावर म्हटलंही होतं.

“आन तो रिसॉर्टवाला?” तात्यांनी आईला विचारलं.

“बाळंतिणीच्या उशाशी गाड्या लावू व्हय?” आई फिस्कारली. “सांगते त्याला, जागा भरली!”

लोक पांगले. आई आणि मी मोर ढकलत परत निघालो. तात्यांच्या बांधाशी मी थांबले. काकड्यांच्या वेलाकडे बघत, जमेल तेवढं हळू, मी म्हणाले, “आबा, तुमचं बरोबर होतं.”

“मोठ्यानं म्हण,” आई म्हणाली. “त्यांना कमी ऐकू यायचं.”

मी मागे बघितलं. लांडोर लांब राहिली होती. मी छाती भरून श्वास घेतला.

“आबा! तुमचं बरोबर होतं!”

आवाज समोरच्या डोंगरापर्यंत गेला. आईनं पदर डोळ्यांना लावला. आणि मग मला राहवलंच नाही.

“पण चर मोरानं चांगला कापला, आबा!”