तीनशेवा पक्षी

पक्षी अंड्यातून बाहेर येतो, अशी अडाणी समजूत अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळते. प्रत्यक्षात पक्षी अस्तित्वात येतो तो दोन सह्यांनी. एकाने पाहिला तर ती अफवा, दोघांनी पाहिला तर नोंद, आणि गटप्रमुखांनी पाहिला असेल तर बाकीच्यांनी पाहिला नाही तरी चालतं.

हे शास्त्र ज्या पक्षीनिरीक्षक मंडळाने पूर्णत्वाला नेलं, त्याच्या परदेश सहलीचा आज सातवा आणि शेवटचा दिवस होता. मंडळाची नियमावली चौतीस पानांची आहे. (पक्ष्यांविषयीची माहिती शेवटच्या दीड पानात.) नियम चार सांगतो की पक्षी दिसताच सदस्याने मोठ्याने "पाहिला!" म्हणावं. नियम पाच सांगतो की मोठ्याने बोलू नये, पक्षी उडतात. नियम सात म्हणजे प्रत्येक पक्ष्याला एक अनुमोदक हवा. आणि नियम सात-अ म्हणजे नवरा-बायकोने एकमेकांना अनुमोदन देऊ नये, कारण संसारात माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो.

सहा दिवसांत मंडळाने बसमध्ये एकेचाळीस तास काढले, नाश्त्याच्या रांगेत सहा, कुणाची टोपी कुठे राहिली या शोधात चार आणि यादीवरच्या वादात अकरा. प्रत्यक्ष पक्ष्यांकडे बघण्यात बावन्न मिनिटं गेली. (त्यातली वीस एका बगळ्याची. तो हलायलाच तयार नव्हता. प्लास्टिकचा आहे हे नंतर कळलं. नोंद कायम आहे.)

या मंडळातले सगळ्यात प्रामाणिक सदस्य म्हणजे हेडक्लार्क. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, पण हुद्दा अंगाला चिकटला तो चिकटलाच. आयुष्यात त्यांनी दोनशे नव्याण्णव पक्षी पाहिले होते, रीतसर, अनुमोदनासह. तीनशे झाले की पितळी बिल्ला मिळतो, बसमध्ये पुढची सीट मिळते आणि समितीत मत मिळतं. पण गेली तीन वर्षं गाडी दोनशे नव्याण्णववरच अडलेली. त्यातून गटप्रमुख म्हणजे त्यांचे साडू. साडूंचे तीनशे गेल्या वर्षीच झाले आणि तेव्हापासून बिल्ला छातीवरून उतरलेला नाही. लोकांच्या लग्नातसुद्धा ते तो लावून जातात. "काय नव्याण्णव, झोप झाली का?" असं ते चारचौघांत विचारायचे. आजच्या दिवसात एक पक्षी मिळाला तर मिळाला, नाहीतर ही हाक आणखी वर्षभर ऐकायची होती.

हेडक्लार्कांची बायको मंडळाची सदस्य नव्हती. नियमावलीत तिच्यासाठी "सोबती" असा वर्ग आहे. सोबत्यांनी पाण्याच्या बाटल्या सांभाळाव्यात आणि पक्ष्यांविषयी मत देऊ नये.

सकाळी सात चाळीसला, बस तासभर धावल्यावर, मार्गदर्शक बाई माइकवरून ओरडल्या, "डावीकडे! डावीकडे बघा! निळ्या टोपीचा रानधोबी!" क्षणात दहा गळ्यांतून "पाहिला!" निघालं. नोंदवहीत वर्णन आहे: कुंपणाच्या तारेवर एकटा, टोपी गडद निळी, गळा पिवळसर, शेपूट दोनदा हलवतो आणि तिसऱ्यांदा विचार बदलतो. साडूंनी तर ती मादी आहे हेसुद्धा धावत्या बसमधून ओळखलं. मोठा देखणा पक्षी. अकरावे सदस्य, म्हणजे हेडक्लार्क, तेवढे काचेला डोकं टेकून घोरत होते. ते जागे झाले तेव्हा बस टॉयलेटच्या थांब्यावर उभी होती आणि मंडळी टक्क जागी होऊन एकमेकांचं अभिनंदन करत खाली उतरत होती.

"गेला गं! अगं, डाव्याच खिडकीशी बसलो होतो मी!" हेडक्लार्कांनी कपाळावर हात मारला.

थोड्या वेळाने बायको बाटल्या भरून परत आली. "अहो, ऐका ना. मी आत्ता त्या बाईंना विचारलं..."

"शू! आता काही बोलू नकोस. माझं डोकं ठिकाणावर नाही."

बायको बाटल्या पिशवीत भरू लागली. तेहतीस वर्षांच्या संसारात डोकं ठिकाणावर येण्याची वाट बघायची तिला सवय झाली होती.

दुपारी पाणथळीच्या काठावरच्या लाकडी झोपडीत शेवटचं निरीक्षण होतं. झोपडीला पाण्याकडे तोंड असलेल्या अकरा खिडक्या होत्या आणि मंडळींची त्यांच्याकडे पाठ होती. रानधोब्याचा गळा पिवळसर की केशरी, यावर चर्चा तापली होती. सहा मतं पिवळसर, चार केशरी. प्रत्येक जण आपल्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो शोधत होता. फोटो दुसऱ्याने काढलाय अशी प्रत्येकाची खात्री होती. हेडक्लार्कांना या चर्चेत जागा नव्हती. ते तोंड पाडून मागच्या बाजूला गेले आणि बायकोशेजारी बाकावर बसले.

आणि तो आला. मूठभर आकाराचा, मातकट रंगाचा, पाय मात्र गुडघ्यापर्यंत कुळकुळीत काळे. काळ्या मोज्यांचा चिखल्या! पुस्तकात चित्र पाहून हेडक्लार्क ज्याच्यासाठी इतक्या लांब आले होते, तोच. चार हातांवर येऊन तो चिखलात तुरुतुरु धावला, थांबला, मान वाकडी करून दोघांकडे पाहू लागला.

ओरडावं तर पक्षी उडणार. न ओरडावं तर अनुमोदक येणार कुठून? त्यांनी झोपडीकडे हात हलवला. आतून "केशरी!" अशी आरोळी आली.

"अहो, मोजे कसे घट्ट बसलेत बघा," बायको कुजबुजली, "शाळेच्या पहिल्या दिवशी निघाल्यासारखा."

हेडक्लार्कांना हसू फुटलं. मग ते नियम विसरले, वही विसरले, साडूही विसरले, आणि चांगली चार मिनिटं नुसते बघत बसले. सात दिवसांत इतकं सुख त्यांना कशाने झालं नव्हतं. चिखल्या उडाला तेव्हा दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला.

संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये यादीवाचन झालं. हेडक्लार्कांनी उभं राहून चिखल्याची नोंद मांडली. वेळ, अंतर, मोजे, सगळं.

"अनुमोदक?" साडूंनी विचारलं.

"मी होते की शेजारी," बायको म्हणाली.

"वहिनी, तुम्ही सोबती. शिवाय सात-अ." साडूंनी चिखल्यावर काट मारली. मग हेडक्लार्कांचा उतरलेला चेहरा बघून त्यांना दया आली. कितीही झालं तरी नात्यातला माणूस. "पण मी म्हणतो, सकाळी हे बसमध्ये होते की नाही? डाव्या खिडकीशी होते की नाही? रानधोबी डावीकडे होता. म्हणजे सगळ्यांत जवळ हेच होते! डोळे मिटलेले असणं ही तांत्रिक बाब आहे. अनुमोदन?"

दहा हात वर गेले. टाळ्या वाजल्या. साडूंनी स्वतःच्या हाताने बिल्ला लावला आणि पहिल्यांदाच त्यांना "अण्णा" म्हटलं.

हेडक्लार्क गहिवरून खाली बसले तशी बायको त्यांच्या कानाशी लागली. "आता तरी ऐका. सकाळी मी बाहेरच बघत होते. तारेवर काही नव्हतं. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, काकू, टॉयलेटचा थांबा असतो दहाच मिनिटांचा, आणि ही मंडळी हाका मारून उठत नाहीत. पक्ष्याचं नाव घेतलं की उठतात. नावसुद्धा त्यांनी तिथल्या तिथे बनवलं."

हेडक्लार्क बराच वेळ बिल्ल्यावरून बोट फिरवत राहिले.

"आणि आपला चिखल्या?" बायकोने विचारलं.

"त्याला साक्षीदार नव्हता गं."

"मी होते ना."

"तू घरची," ते म्हणाले. परतीच्या बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले. बायको मागे, बाटल्यांसह.

आता तुम्ही हेडक्लार्कांना हसाल. जरूर हसा. मात्र निळी टोपी, पिवळसर गळा आणि दोनदा हललेलं शेपूट वर वाचलंत, तेव्हा तो पक्षी तुम्हालाही तारेवर स्वच्छ दिसला होता आणि तुम्ही चकार शब्द काढला नव्हता. नियम अकरानुसार मौन म्हणजे अनुमोदन. त्याप्रमाणे नोंदवहीत रानधोब्यासमोर तुमचं नाव लिहून घेतलं आहे. सही सावकाश केलीत तरी चालेल.