मुलींच्या गडाचा जीर्णोद्धार आणि सातच्या दरवाजाची हकीकत

श्री विद्यादेवी प्रसन्न, श्री गजानन समर्थ, आणि ज्या दैवताच्या कृपेने तिसऱ्या मजल्यावरील नळास पाणी चढते तेही आम्हांवर प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका विद्येच्या राज्यात, म्हणजे कॉलेजात, जे वर्तले ते यथामति लिहितो. पदरचे तिखटमीठ थोडके आहे, वाचणाराने गोड मानोन घ्यावे. त्या राज्यी उत्तरेच्या अंगास मुलींचे वसतिगृह, दगडी, तिमजली, फार जुने. त्यास लहानथोर सर्व गडच म्हणत. गडाच्या किल्लेदार द्वारकाबाई खरोटे, ज्यांस राज्याच्या कागदी रेक्टर म्हणतात. बाई स्वतः मुलगी असता याच गडावर राहोन शिकल्या, मग राज्यातच शिकवू लागल्या, मग किल्लेदारी आली, आणि गडाबाहेर त्यांस घर म्हणोन काही उरले नाही. बाईंची कीर्ती दरवाजाची. सायंकाळी सातास घंटा व्हावी, दरवाजा लागावा, मग कोणी आले तरी उघडणे नाही. मागाहून आलेल्या मुलीने गावातील आपल्या पालकाकडे जावे आणि सकाळी तोंड दाखवावे. या दरवाजाच्या भरवशावर लांबलांबच्या मुलखांतील आईबाप लेकी आणोन सोडीत आणि निर्धास्त माघारे जात.

पुढे कालेकरोन गड जर्जर जाहला. छत गळो लागले, न्हाणीघरे मागील अंगणापलीकडे, आणि खोलीत विजेचे प्लगासह एकच बटण, तेही दाराच्या चौकटीवर, ऐसे की मोबाइल चार्जिंगास लावावा तर मुलीने स्टुलावर चढावे. तेव्हा मुली एकेक करोन गड सोडोन समोरील गल्लीतल्या खाजगी कोटात, म्हणजे भाड्याच्या हॉस्टेलात, जाऊ लागल्या. हे वर्तमान संस्थेचे अध्यक्ष श्रीमंत आबासाहेब यांस कळले आणि त्यांणी दरबार भरविला. त्यांचे कारभारी बोलिले, "गड पाडावा आणि तिथं मंगल कार्यालय काढावं. लग्नं काही थांबत नाहीत." हे ऐकोन बाई उठोन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आबासाहेब, मला एक संधी द्या. दुरुस्त करून दाखवते." आबासाहेब मनाचे दिलदार, परंतु कारभारी कानाशी लागलेले. हुकूम जाहला की दुरुस्तीस पैका मिळेल, मात्र दसऱ्याच्या दिवशी गडावर एक खोली जरी रिकामी दिसली तरी मंगल कार्यालय होईल.

मग बाईंनी पदर खोचला. काय सांगावे त्या कामाची शर्थ. चैत्रापासोन ज्येष्ठापर्यंत बाई धुळीत उभ्या, नाकास रुमाल, हाती चहाचा पेला, आणि चहा नेहमी गार. भिंतींवरील तैलरंगाचे थर खरवडोन काढविले, तो आतील काळा दगड असा निघाला की गवंडीही पाहात राहिले. सागवानी दारे उतरविली, घासली, पॉलिश करोन पुन्हा त्याच चौकटींत बसविली. छत बदलिले, फरश्या नव्या घातल्या, कोनाड्यांत पुस्तकांच्या फळ्या आणि दिवे आले, मजल्यामजल्यास न्हाणीघरे आणि गरम पाणी आले, चाकांच्या खुर्चीवरील मुलीसाठी उतार आला, मुलींनी आपला चहा आपण करावा म्हणोन ओटा आला, आणि वायफाय तर जिन्यातही पोचले. इंजिनियर साहेब नकाशावर बोट ठेवोन बटणांच्या जागा सांगो लागले, तो बाई म्हणाल्या, "नकाशा राहू द्या. आधी खाटेवर आडवे व्हा, आणि हात कुठपर्यंत जातो ते दाखवा." साहेब बूट काढोन आडवे जाहले, हात लांबविला, आणि जिथे हात टेकला तिथे बटण बसले. ऐसे प्रत्येक खाटेपाशी केले. जो पाहील तो तोंडात बोटे घाली.

ऐसे असता आषाढ गेला, श्रावण गेला, आणि अर्धा गड रिकामा. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. डोक्यावरोन पदर घेवोन, भाचीसाठी जागा पाहावी या मिषाने, त्या खाजगी कोटात शिरोन आल्या. तेथे एका खोलीत चौघी, पाणी दिवसाआड, भिंतींस ओल, आणि तरी मुली तिथेच. बाईंनी आपल्या गडावरील मुलींस जवळ बसवोन विचारिले, "काय कमी आहे गं? मोकळेपणी सांगा." मुली म्हणाल्या, "काही नाही बाई, सगळं छान आहे." किल्लेदाराच्या तोंडावर खरे कोण बोलतो? बाईंस रात्री झोप लागेना.

भाद्रपदी बाई आणखी मुदत मागावयास आबासाहेबांच्या वाड्यास गेल्या. तेथे कारभाऱ्यांनी मंगल कार्यालयाच्या पार्किंगचे असे दळण दळिले की उठावयास उशीर जाहला, आणि मुदत तर मिळालीच नाही. बाई गडापाशी आल्या तो सात वाजोन गेलेले, अंधार नुकता पडलेला, दरवाजा बंद. आणि पायरीवर दप्तर मांडीवर घेवोन एक मुलगी बसलेली. ही प्रणोती पाडवी, डोंगरमुलखातील, सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारी, गडावरील गुणी मुलगी. बाई म्हणाल्या, "तू इथे काय करतेस?" ती उठोन उभी राहिली आणि म्हणाली, "प्रॅक्टिकल लांबलं, बाई. प्रयोग अर्धा सोडून येता येत नाही." बाई म्हणाल्या, "मग स्थानिक पालकाकडे जायचं, नियम माहीत आहे ना?" प्रणोतीने खाली पाहिले. म्हणाली, "या गावात माझं कोणी नाही. प्रवेशाच्या दिवशी तुम्हीच म्हणालात, घाबरू नकोस, तुझी स्थानिक पालक मी."

मग बाईंनी दरवाजाच्या जाळीशी जाऊन द्वाररक्षक हौसाबाईंस हाक मारिली की दरवाजा उघडावा. हौसाबाई आतून म्हणाल्या, "सात वाजून गेले बाई." "अगं, मी आहे." "ओळखलं की. पण तुम्हीच सांगितलंय, मी म्हटलं तरी उघडू नकोस, माणसाचं मन पाघळतं म्हणून." बाई म्हणाल्या, "तो हुकूम मी बदलते." हौसाबाईंनी किल्ली हातात घेतली, परंतु कुलपास लाविली नाही. म्हणाल्या, "आजच्यापुरता, का कायमचा? ते सांगा. उद्या दुसरी पोरगी आली तर मी काय करू?"

वरती खिडक्यांशी मुली उभ्या राहोन ऐकत होत्या. बाई पायरीवर बसल्या. दरवाजा उघडा ठेवावा तर आईबाप लेकी घेवोन जातील आणि गड जाईल, बंद ठेवावा तर प्रयोगास अडकणाऱ्या मुली त्या बिनघंटेच्या कोटातच राहतील आणि गड जाईल. जन्मभराची कीर्ती ती याच कुलपाची. प्रणोती शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मागच्या भिंतीकडून जा. मी कधी गेले नाही, पण तिथली फळी सरकते. आम्ही कुणाला सांगणार नाही." हे ऐकोन बाईंस हसू आले आणि रडूही आले. आपल्याच गडात चोरवाटेने जावे, ते कोणापासोन लपोन? मग उठोन मोठ्याने, खिडक्यांसही ऐकू जावे ऐसे, बोलिल्या, "कायमचा." आणि कुलूप निघाले.

ही बातमी वाऱ्यासारखी मुलखोमुलखी गेली आणि आईबापांची फौज गडावर चालोन आली. सतरंज्या घालोन सभा जाहली. प्रथम प्रणोतीचे वडील दिलवरभाऊ उठले. म्हणाले, "बाई, तुमच्या दाराच्या भरवशावर पोरगी ठेवली. आता दारच उघडं ठेवता?" कारभारी कोपऱ्यात बसोन मिशीत हसत होते. बाई म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी दार बरोबर सातला लागलं. आणि तुमची लेक दाराच्या बाहेर होती. आत काय सुखरूप होतं, सांगू? नव्या फरश्या." दिलवरभाऊंनी लेकीकडे वळोन विचारिले, "याआधीही बाहेर राहिलीस?" ती म्हणाली, "राहिले. समोरच्या गल्लीत मैत्रिणीच्या खोलीवर, खाली जमिनीवर." "मला का नाही सांगितलंस?" प्रणोती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही घरी नेलं असतं."

दिलवरभाऊ खाली बसले. बाईंच्या डोळ्यांस पाणी आले आणि ते त्यांणी पुसले नाही. मग भाऊंनी विचारिले, "रात्री बघणार कोण?" बाई म्हणाल्या, "शेवटची मुलगी येईपर्यंत दारात मी असेन, नाहीतर हौसाबाई. उशीर होणार तर पोरीनं फोन करायचा, आणि गरज पडली तर आम्ही प्रयोगशाळेपर्यंत घ्यायला जाऊ." भाऊ लेकीकडे वळोन म्हणाले, "राहू दे इथंच. पण फोन मलाही कर गं." ते उठले आणि मागोमाग बाकीचेही उठले, आणि गडावरोन एकही ट्रंक खाली उतरली नाही. खाजगी कोटातील मुली तर आठवड्यात बिछाने डोक्यावर घेवोन येऊ लागल्या, आणि हौसाबाई प्रत्येकीस म्हणत, "पाय पुस आधी, फरशी नवी आहे."

दसऱ्याच्या दिवशी आबासाहेब कारभाऱ्यांसह गड तपासावयास आले. कारभारी मजलोमजली फिरोन रिकामी खोली धुंडो लागले. एके ठिकाणी न विचारता दार लोटिले, तो आतील केस वाळविणारी मुलगी म्हणाली, "काका, दार वाजवून यायचं असतं." एकही खोली रिकामी न मिळता कारभारी तसेच खाली आले आणि पार्किंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

येणेप्रमाणे गड राहिला. सारांश हाच की द्वारकाबाईंनी छत बदलिले, नळ बदलिले, दिवे बदलिले, आणि या वयात आपला हुकूमही बदलिला, आणि या शेवटल्या कामास आमचे शतवार मुजरे. जे ऐकिले ते लिहिले, चूकभूल असेल ती लिहिणाराची. गडाचा दरवाजा हल्ली शेवटची मुलगी आत आल्यावर लागतो.