चार बोटे उंचीवरचा उन्हाळा

प्रारंभीच क्षमा मागते. तीस वर्षे मी मुलींना भूगोल शिकवला. नकाशे भरून घेतले, लेखन असे कधी केले नाही. पासष्टीच्या उंबरठ्यावर एका जिवंत माणसाविषयी, त्यातही शेजाऱ्याविषयी, लिहायला बसणे मला शोभते का, याविषयी मी अजून साशंक आहे. परंतु आमचे सोनवणे मामा भर एप्रिलात दुपारी बारा वाजता अंगणात पोटावर झोपतात आणि गाल मातीला टेकवून निश्चल पडून राहतात. याचा खुलासा कोणीतरी करायला हवा, आणि भिंतीपलीकडे मीच राहते.

समोर नवीन राहायला आलेल्या कुटुंबाने हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा मामांना उष्माघात झाला, असे समजून त्यांनी रिक्षा आणली. दोघांनी मामांना काखेत धरून उचलले. मामा हातपाय झाडत ओरडत होते, "सोडा मला! कोल्हार बघायची ऱ्हायली अजून!"

रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "बाबा, कोल्हारला यष्टी धरा. मी दवाखान्यापर्यंतच हाय."

कोल्हार हे मामांच्या एका गिनिपिगचे नाव. मामा संगमनेरच्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. प्रयोगशाळेने प्राणी ठेवणे बंद केले त्याच सुमारास मामा निवृत्त झाले, आणि उरलेल्या सहा माद्या कापडी पिशवीतून सायकलवर घरी आल्या. मामा त्यांना 'पोरी' म्हणतात. नावे एसटीच्या थांब्यांची आहेत: कोल्हार, लोणी, राहुरी, राहाता, बेलापूर, आणि सर्वांत तापट ती पाथर्डी, कारण, "ती माझ्या गावाकडची हाय." भिंतीपलीकडून "राहुरीचं पोट बिघडलंय" किंवा "लोणीनं राहात्याला चावा घेतला" असे ऐकू आले की पाहुण्यांना मला बरेच समजावावे लागते.

पोटावर झोपण्यामागचे शास्त्र त्यांनी मला एकदा सांगितले. हवेचे तापमान जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर मोजतात, असे मी वर्गात शिकवत असे. तसे मी म्हटले मात्र, मामांनी माझ्याकडे करुणेने पाहिले.

"बाई, चार फुटांवर कोन ऱ्हातं?"

"माणसे राहतात, मामा."

"माझ्या पोरी चार बोटांवर ऱ्हात्यात. तितला उन्हाळा येगळा असतो. खाली वाकून बघा."

'खाली वाकून बघा' हे त्यांचे सर्व शंकांवरचे उत्तर. भाजीवाल्याशी वाद झाला तरी हेच.

खुराड्याची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. कडुनिंबाची सावली जसजशी सरकते तसतसे खुराडेही सरकते. कोणत्या तासाला कोठे, याच्या खडूच्या खुणा भिंतीवर आहेत. आत शहाबादी फरशीचा तुकडा, कारण पोट टेकायला ती गार लागते. फुटके माठ ओल्या वाळूत आडवे पुरून प्रत्येकीला खोली केलेली. शिवाय पाण्याच्या बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून, एका कोपऱ्यात ठेवतात. गार हवे तिने जवळ यावे, नको तिने लांब जावे. मामांकडे फ्रीज नाही. बाटल्या माझ्याकडे गोठतात.

या मे महिन्यात अडचण उभी राहिली. मामांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. दोन वर्षे ते टाळत आले होते. आता डॉक्टरांनी निक्षून सांगितले की उशीर केला तर डोळा हातचा जाईल. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर वाकायचे नाही, हेही सांगितले.

"मग न्हाई करायचं," मामा म्हणाले. "मी न्हाई वाकलो तर पोरी मरतील."

मी सहसा स्वतःहून कशाला पुढे होत नाही. परंतु "मी वाकेन" हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. मामांनी लगेच विश्वास ठेवला नाही. आठवडाभर शिकवणी घेतली, मग तोंडी परीक्षा. मी काठावर उत्तीर्ण झाले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दुपारी मामा काळा चष्मा लावून ओट्यावर खुर्चीत बसले आणि मी कामाला लागले. आमच्या शाळेत उन्हाळी परीक्षांच्या वेळी खिडक्यांना ओली गोणपाटे लावत असू. मी खुराड्याच्या चारही बाजूंना तशीच ओली गोणपाटे लावली आणि मनातून खूश झाले.

"बाई, वारा कुटनं येतो?" मामांनी विचारले.

"चहूकडून गारवा आहे, मामा."

"गारवा न्हाई, वारा इचारला. खाली झोपून बघितलं का?"

मी झोपले नव्हते. फाटक उघडे होते, रस्त्यावर वर्दळ होती, मी साडीत होते.

"झोपा, बाई," मामा हळू आवाजात म्हणाले.

मी झोपले. गोणपाट वर करून गाल मातीला टेकवला आणि आतून भाताच्या पातेल्याचे झाकण काढावे तशी वाफ तोंडावर आली. पाच जणी जाळीशी नाक लावून होत्या. कोल्हार आडवी पसरली होती; तोंड लाळेने ओले, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

मी बर्फाची बाटली तिच्या अंगाला लावायला धावले.

"बर्फ न्हाई! धक्का बसंल तिला!" मामा गरजले. "सावलीत फरशीवर घ्या. साध्या पान्याचं फडकं कानाला, पायाला. गोनपाट काढा आधी सगळी!"

त्यांनी सांगितले तसे मी केले. वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागले. मामा पायऱ्या उतरून आले आणि वाकू लागले.

"मामा! खबरदार वाकलात तर! खुर्चीत बसा!"

आवाज वर्गातला होता. निवृत्तीनंतर तो मी प्रथमच ऐकला. मामा मुकाट्याने परत जाऊन बसले, हात मांडीखाली दाबून.

"श्वास कसा हाय?"

"जलद आहे."

"आता?"

"तसाच."

असे कितीदा विचारले, सांगता येणार नाही. सावली वीतभर सरकली. मग कोल्हारने मान उचलली, माझ्या बोटावरचे पाणी चाटले आणि काही वेळाने लसूणघासाची एक काडी, अगदी उपकार केल्यासारखी, चावू लागली.

"खातेय," मी म्हणाले.

मामांनी मांडीखालचे हात बाहेर काढले. चष्म्यामागचे काही दिसत नव्हते.

"बायको गेल्यापास्नं मला कुनी दटावलंच न्हवतं, बाई," ते म्हणाले. "बरं वाटलं."

महिना संपला. सहाही जणी खुशाल आहेत, आणि रोज दुपारी बाराला आता आम्ही दोघेही आडवे होतो. समोरच्यांनी रिक्षा आणणे सोडले आहे. काल मामांनी भिंतीवरून सांगितले, "रईवारी जेवायला या. पिठलं-भाकरी करतो. लई वर्सं दोन ताटं मांडली न्हाईत." मी होकार दिला. खरे सांगायचे तर मलाही कोणाकडे जेवायला जाऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत, आणि अशा वेळच्या रीती मी विसरले आहे.

रिकाम्या हाताने जाणे बरे दिसणार नाही. माझ्या जागी आपण असता, तर काय घेऊन गेला असता?